अकरा जुन्या जाहिराती

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडेफार नीट करून दिले आहे.)

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी वहिनी, कमिटीचे सर्व सभासद, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसलेल्या तरुण मंडळींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मी ‘जुन्या जाहिराती’ एवढाच कळवला होता. खालच्या फळ्यावर मात्र ‘जुन्या जाहिरातींच्या गोड आठवणी’ असं लिहिलेलं दिसलं. ‘गोड’ हा शब्द कोणी घातला ते मला माहीत आहे आणि त्यांच्या हातचा शिरा आत्ताच खाल्लेला असल्यामुळे मी तक्रार करणार नाही. पण आज मी जे सांगणार आहे त्यात गोड कमी आहे. माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल बोलायचं आहे, आणि ती चूक या इमारतीतल्या बहुतेकांच्या फोनमध्ये अजून शिल्लक असेल.

सुरुवात स्मरणिकेच्या पहिल्या मीटिंगपासून करतो. छापखानेवाल्याने सांगितलं की पानं चारच्या पटीत लागतात. आपला मजकूर, अहवाल, हिशेब, शुभेच्छुकांच्या जाहिराती सगळं धरून दोन पानं रिकामी राहत होती. काय घालायचं? कोणी म्हणालं पाककृती, कोणी म्हणालं सुविचार. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे खजिना आहे. दोन-तीन वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या जुन्या घरगुती वस्तूंच्या जाहिराती मी जपून ठेवल्या होत्या. साबण, दंतमंजन, वनस्पती तूप, बिस्किटं, गुडघ्याचं तेल. निवडून निवडून अकरा. पिवळट कागद, कडा झिजलेल्या, घडीच्या रेघा. पान सजवायला याहून चांगलं काय मिळणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या अकरांत एक माझी सगळ्यात लाडकी होती. कपडे धुण्याच्या साबणाची, १९३८ सालची. नऊवारी नेसलेली एक बाई विहिरीच्या काठावर, शेजारी उघडा पोरगा, मागे वाळत घातलेलं पांढरंशुभ्र धोतर, आणि खाली मराठीत मजकूर. साबणाचं नाव सांगत नाही, कारण त्या कंपनीचा यात काही दोष नाही. ती जाहिरात दाखवताना मी कमिटीसमोर काय बोललो तेही सांगतो, कारण मिनिटबुकात ते आलेलं आहे. मी म्हणालो, “ही आमच्या चाळीखाली वाण्याच्या दुकानात लावलेली असायची. माझी आई हाच साबण वापरायची. मला लख्ख आठवतंय.”

माझा जन्म लालबागचा. वडील गिरणीत टाइमकीपर. नोकरी लागल्यावर पुढे १९८४ साली विरारला भाड्याने राहायला आलो आणि पंचवीस वर्षांपूर्वी इथे नंदाखालला आपल्या हक्काच्या घरात. तेव्हा मागच्या बाजूला केळीची वाडी होती आणि संध्याकाळी चर्चची घंटा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. असो, चाळीत वाढलेला माणूस जाहिरातीची आठवण सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? कोणी घेतली नाही.

शंका घेतली ती ए विंगमधल्या एका मुलीने. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि स्मरणिकेची पानं तीच लावून देते आहे. दोन दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. म्हणाली, “आजोबा, एक विचारू? रागावणार नाही ना?” मी म्हटलं, विचार. तिने ती नऊवारीवाली बाई पडद्यावर मोठी केली आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. किंमत लिहिली होती. एक आणा नव्हे, दोन पैसे नव्हे. आडव्या दोन रेघांचा ‘र’ आणि पुढे आकडा. आपलं रुपयाचं चिन्ह!

हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. त्या दिवशी मी नोकरीत होतो. शाखेत परिपत्रक आलं तेव्हा ते फाइलला लावून त्यावर इनिशियल करणारा मी. आणि १९३८ सालच्या जाहिरातीवर तेच चिन्ह मी दोन वर्षं रोज कौतुकाने बघत होतो.

मंडळी, माझी नोकरी सदतीस वर्षांची. त्यातली निम्मी चेक पास करण्यात गेली. स्पेसिमन कार्डावरची सही आणि चेकवरची सही शेजारी ठेवायची, वळण बघायचं, शाई बघायची, कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायचा. तारीख उद्याची असेल तर परत, खाडाखोड असेल तर परत. एवढं करून सवरून मी एका साबणाच्या वडीपुढे फसलो.

मग आम्ही दोघं बसलो आणि त्या जाहिरातीची इन्स्पेक्शन काढली. पत्ता होता ‘मुंबई’ आणि पुढे सहा आकडी पिनकोड. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधी आमचं लालबाग म्हणजे नुसतं ‘मुंबई १२’ आणि गिरगाव ‘मुंबई ४’. वजन ग्रॅममध्ये. १९३८ साली ग्रॅम कुठले? शेर, अच्छेर, पावशेर, तोळे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि दशमान वजनं त्यानंतर टप्प्याटप्प्याने. इथपर्यंत हिशेबाच्या गोष्टी झाल्या. त्या मला जमल्या.

पण खरी मेख भाषेत होती, आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण आम्ही शाळेत जुन्या पद्धतीने लिहायला शिकलो. ‘नाहीं’, ‘येथें’, ‘कां’, ‘साबणानें’. प्रत्येक ठिकाणी डोक्यावर टिंब. उच्चार होत नसे, पण टिंब द्यावं लागे, नाही दिलं तर मास्तर द्यायचे! मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले आणि ही अनुच्चारित टिंबं गेली. आता त्या जाहिरातीत लिहिलेलं, ‘या साबणाने कपडे झिजत नाहीत. येथे मिळेल.’ एकही टिंब नाही. म्हणजे १९३८ सालच्या जाहिरातवाल्याला १९६२ चे नियम चोवीस वर्षं आधीच ठाऊक होते.

शेवटी त्या मुलीने फोनवर चित्र उलटं शोधून काढलं. चित्र दिलं की ते आधी कुठे कुठे होतं ते सापडतं, अशी सोय आहे. मला माहीत नव्हती. निघालं असं की कोण्या हौशी चित्रकाराने कॉम्प्युटरवर गंमत म्हणून ते केलं होतं आणि खाली बारीक अक्षरात ‘काल्पनिक’ असं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. पुढे कोणीतरी ती खालची पट्टी कापली. मूळ माणसाची चूक काहीच नाही. कापणाऱ्याची आहे, आणि नंतर कौतुकाने पुढे ढकलणाऱ्या माझ्यासारख्यांची आहे.

असं जगभर होतं हेही त्यानिमित्ताने कळलं. तान्ह्या बाळाला सोडा पाजा म्हणजे ते पुढे लोकप्रिय होईल, अशी एक अमेरिकन जाहिरात फिरत असते, खाली कुठल्याशा ‘सोडा पॉप बोर्ड’चं नाव. तुमच्यापैकी काहींना आली असेल. ते बोर्ड कधी अस्तित्वातच नव्हतं. २००० नंतर दोन गृहस्थांनी केलेली ती थट्टा आहे. आता गंमत ऐका. १९५० च्या दशकात सेव्हन-अपने खरोखरच बाटली तोंडाला लावलेल्या बाळाचं चित्र घालून जाहिरात केली होती, आमचे सगळ्यात लहान गिऱ्हाईक बघा म्हणून! ती खरी. दातदुखीवर कोकेनचे थेंब, १८८५ सालची अमेरिकेतली जाहिरात, शेजारी खेळणारी दोन गोंडस मुलं. तीही खरी, कारण तेव्हा कोकेनला बंदी नव्हती. बायर कंपनी १८९८ पासून खोकल्यावर हेरॉइन विकत होती, हेही खरं. आणि ज्या ग्राइप वॉटरवर आपण सगळे वाढलो, ते नॉटिंगहॅमच्या वुडवर्डने १८५१ मध्ये तयार केलं तेव्हा त्यात मद्यार्क होता. बाळ शांत झोपायचं यात नवल ते काय?

तेव्हा ‘असं कसं असेल, म्हणजे खोटंच’ हा नियम चालत नाही. ‘असंच असणार, म्हणजे खरंच’ हा तर मुळीच चालत नाही. माझ्या अकरांतली एक त्या मुलीने बघताक्षणी बाद केली. दाढीवाले रवींद्रनाथ टागोर आणि गोदरेज साबण. “आजोबा, नोबेलवाले टागोर साबणाची जाहिरात कशाला करतील?” प्रश्न चोख होता, पण ती जाहिरात अस्सल आहे. आर्देशिर गोदरेज यांनी लालबागला १८९७ मध्ये कुलपांचा धंदा सुरू केला आणि पुढे प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढला. चरबीच्या विलायती साबणाला पर्याय म्हणून तो स्वदेशीच्या चळवळीत उचलला गेला. टागोरांनी साबणासाठी शब्द दिला असं दिसलं तरी त्यामागे स्वदेशी होती. त्या कंपनीने आपलं जुनं दफ्तर विक्रोळीला जपून ठेवलं आहे, म्हणून आज खात्रीने सांगता येतं. लक्सच्या जाहिरातीतल्या लीला चिटणीसही खऱ्या, १९४१ च्या सुमाराच्या. तेव्हा नटीने साबणाच्या जाहिरातीत येणं ही मोठी गोष्ट होती आणि आपली मराठी बोलणारी, शिकलेली बाई त्यात पहिली होती.

बिस्किटाच्या पुड्यावरच्या मुलीचं तर तुम्हाला माहीतच असेल. पार्ले-जीच्या पुड्यावरची ती मुलगी म्हणजे नागपूरच्या अमुक बाई, त्यांचा लहानपणीचा फोटो, आणि आता त्या अशा दिसतात, असा फोटोसकट निरोप वर्षातून दोनदा येतो. कधी त्या बाईंच्या जागी सुधा मूर्तींचा फोटो असतो! कंपनीने स्पष्ट सांगितलं आहे की तो कोणाचाच फोटो नाही. १९६० च्या दशकात एव्हरेस्ट या जाहिरात कंपनीतल्या मगनलाल दहिया नावाच्या चित्रकाराने काढलेलं ते चित्र आहे. आम्ही विरार लोकलवाले. पार्ल्याला गाडी थांबली की डब्यात भाजक्या बिस्किटांचा वास यायचा, डोळे मिटून बसलेला माणूससुद्धा ओळखायचा की पार्लं आलं. १९२९ सालचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. वास गेला आणि आता पुड्यावरच्या मुलीबद्दल दंतकथा उरल्या. बिचाऱ्या दहियांचं नाव कोणी फॉरवर्ड करत नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. आता कडू भाग सांगतो.

त्या अकरांत एक गुडघेदुखीच्या तेलाची होती. पगडीवाले वैद्यबुवा, खलबत्ता, ‘सन १९२१ पासून’. मी ती ‘जुनं ते सोनं’ असं वर लिहून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली होती. चित्र छान होतं म्हणून टाकली, तेल मला घ्यायचं नव्हतं. खाली ऑर्डरचा मोबाइल नंबर होता, त्याकडे माझं लक्षही गेलं नाही. आपल्या इमारतीतल्या एका भगिनीचं गेलं. त्यांची परवानगी घेऊन सांगतो आहे, नाव विचारू नका. त्यांनी तेल मागवलं. माल आल्यावर १,८५० रुपये मोजले. बाटलीवर ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच नंबर. आठ दिवस चोळलं, गुडघ्याची कातडी भाजल्यासारखी झाली. आणि त्याहून वाईट म्हणजे बरोबरच्या कागदावर ‘इंग्रजी गोळ्या बंद ठेवाव्यात’ असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या गोळ्या दोन आठवडे घेतल्या नाहीत. त्यात रक्तदाबाचीही एक गोळी होती. त्यांच्या मुलाला कळलं तेव्हा धावपळ झाली. दैव चांगलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

मला हे सगळं कळलं ते रुपयाच्या चिन्हाच्या प्रकरणानंतर. मी त्यांच्या घरी गेलो. पाकिटात १,८५० रुपये घालून नेले होते. त्यांनी पाकीट उघडलंसुद्धा नाही. चहा ठेवला. म्हणाल्या, “भाऊ, नंबर अनोळखी होता हे मला दिसत होतं हो. पण म्हटलं, तुम्ही पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असणार. तुम्ही बँकेतले.”

नोकरीत असताना माझ्या सहीवर लाखोंचे चेक पास झाले. एकही खोटा निघाला नाही, याचा मला अभिमान होता. अजूनही आहे, पण त्या दिवशी तो चहा घशाखाली उतरवायला जड गेला. ग्रुपवर अंगठा दाबून पुढे ढकलणं हीसुद्धा एक सहीच असते, हे मला बहात्तर-त्र्याहत्तर वर्षं उलटल्यावर समजलं.

जुन्या काळचे जाहिरातवाले संत होते असं कोणी समजू नये. खात्रीलायक, रामबाण, सर्व रोगांवर एकच, असलं तेव्हाही भरपूर छापलं जायचं. म्हणूनच तर औषधांच्या चमत्कारी जाहिरातींविरुद्ध १९५४ साली संसदेला कायदा करावा लागला. तो आजही आहे. फरक एवढाच की तेव्हा जाहिरात देणाऱ्याचा पत्ता छापलेला असे. पोस्टाने व्ही.पी. करून माल यायचा, न पटलं तर ज्याच्याकडे भांडायचं तो माणूस कुठेतरी दुकान मांडून बसलेला असायचा. आता पिवळा रंग आणि पगडी लावली की शंभर वर्षांची परंपरा पाच मिनिटांत तयार होते आणि नंबर पंधरा दिवसांत बंद होतो. तो नंबर आम्ही लावून पाहिला, बंदच होता. कोणाच्या बाबतीत असं झालं तर लाजू नका. पैशाची ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा, जेवढा लवकर तेवढी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. मालाबद्दलची तक्रार असेल तर ग्राहकांसाठी १९१५ आहे. दोन्ही नंबर आपल्या लिफ्टमध्ये चिकटवले आहेत.

आता जे सांगायला मी खरं तर आज उभा राहिलो, ते. साबणाची ती जाहिरात खोटी ठरली हे कबूल. पण मग मला ती आठवत कशी होती? वाण्याच्या दुकानात, डाव्या हाताला, गुळाच्या ढेपेच्या वर. मी डोळे मिटले की दिसायची. मी खोटं बोललो नव्हतो हो. मला खरंच दिसत होती!

ही गोष्ट मी त्या मुलीला सांगितली तेव्हा तिने मला एक शास्त्रीय प्रयोग शोधून वाचून दाखवला. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस नावाच्या बाई आहेत, माणसाच्या आठवणींवर त्यांचं मोठं काम आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात तयार केली आणि काही लोकांना वाचायला दिली. त्यात बग्ज बनी हा ससा होता. नंतर त्यांना लहानपणीच्या डिस्नेलँडच्या आठवणी विचारल्या. शंभरात सोळा जणांनी सांगितलं की हो, तिथे बग्ज बनी भेटला होता, आम्ही हात मिळवला. आता हा ससा डिस्नेचा नव्हेच, तो वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नेलँडच्या दारात त्याला कोणी उभं करणार नाही. म्हणजे आमच्या वाण्याच्या दुकानात शेजारच्या वाण्याने येऊन पुड्या बांधाव्यात तसं झालं. तरी लोकांना तो आठवला, कारण जाहिरात बघितली होती.

मी दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला ताईला फोन लावला. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, एक्क्याऐंशी पूर्ण. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत. विचारलं, आपल्याकडे धुण्याचा साबण कुठला होता गं? ती म्हणाली, “साबण? कसला साबण? रोजचं धुणं सोड्यात. साबण फक्त बाबांच्या गिरणीच्या सदऱ्याला आणि तुझ्या शाळेच्या शर्टाला.” कुठल्या कंपनीचा? “कंपनी-बिंपनी काही नाही. लांब दांडा यायचा पिवळ्या साबणाचा, नावबिव नसायचं. आई त्याच्या वड्या पाडायची दोऱ्याने. सुरीने कापला तर भुगा पडतो, वाया जातो म्हणून दोरा. दोन्ही हातांत ताणून धरायची आणि खाली दाबायची. तू बाजूला बसून पडलेला तुकडा उचलायचास आणि मार खायचास.”

आणि वाण्याच्या दुकानातली जाहिरात? ताई म्हणाली, “जाहिरात कुठली रे? तिथे मारुतीची तसबीर होती.”

मंडळी, फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझी आई १९७९ ला गेली. तिचे फोटो आमच्याकडे दोनच, दोन्ही लग्नातले, दोन्हींत ती मागे. तिचा दोरा ताणून धरलेला हात ही माझ्याकडची खरी ठेव होती, आणि त्या जागी मी एका अनोळखी चित्रकाराची विहिरीवरची बाई आणून बसवली होती. ती विहिरीवर होती! आमच्या चाळीला विहीर नव्हतीच, सार्वजनिक नळ होता आणि पहाटे चारला पाणी. हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. बाई देखणी होती, धोतर पांढरं होतं, आणि आपलं लहानपण असंच असावं असं वाटायचं वय झालेलं आहे.

मी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक चाळून आलो. हे मासिक मुळात किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची ‘खबर’ म्हणून १९२० साली निघालं. खरी जुनी जाहिरात कशी असते ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. खरं सांगू? कंटाळवाणी असते. दाटीवाटीने मजकूर, बारीक टाइप, ठिकठिकाणी टिंबं, आणि ‘टपालहंशील निराळें’. घरगुती वस्तू विकणाऱ्याला एका चौकटीचे पैसे द्यायचे असत आणि त्यात दिसेल तेवढं कोंबायचं असे. चित्र असलंच तर ठोकळा झिजलेला, बाईचं नाक गेलेलं. ती फॉरवर्ड करावीशी कोणालाच वाटणार नाही. पण पान उलटताना कागदाचा वास आला आणि एका ठिकाणी कुणीतरी साबणाच्या किमतीपुढे पेन्सिलीने ‘महाग’ असं लिहून ठेवलेलं होतं. ते वाचून मी वाचनालयात एकटाच हसलो, शेजारच्या गृहस्थांनी वर बघितलं.

अकरांपैकी चार खऱ्या निघाल्या, पाच खोट्या. दोनांचं आम्हा दोघांना काही ठरवता आलं नाही, म्हणून त्या बाजूला ठेवल्या. बँकेत त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणतात.

कमिटीतल्या एका मित्राने मला विचारलं, “साहेब, एवढं काय मनावर घेता? आपल्या सोसायटीच्या पुस्तकात एक खोटा साबण छापला गेला तर काय आभाळ कोसळणार आहे?” त्यांना मी आपली नोंदणीची मूळ कागदपत्रं दाखवली. सेक्रेटरींच्या कपाटात आहेत. त्यावर पत्ता आहे तालुका वसई, जिल्हा ठाणे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, महानगरपालिका त्याआधी ३ जुलै २००९ ला. उद्या कोणी आपल्या नावाचा २००० सालचा कागद आणला आणि त्यावर ‘जि. पालघर’ असलं, तर तुमची नातवंडं त्याला दारातूनच परत पाठवतील. का? तर अस्सल कागद कपाटात आहे. पन्नास वर्षांनी ही स्मरणिका कोणाच्या तरी माळ्यावर सापडेल आणि तो म्हणेल, बघा, छापील पुस्तकात आहे, म्हणजे खरं. तेव्हा हे सांगायला मी नसेन आणि ती ए विंगची मुलगीही आजी झालेली असेल.

म्हणून त्या दोन पानांचं आम्ही असं ठरवलं आहे. चार खऱ्या जाहिराती साल आणि ठिकाणासकट छापायच्या. मगनलाल दहियांचं नाव ठळक टाइपात. शुभेच्छुकांच्या ज्या जाहिराती आल्या आहेत, आपला किराणावाला, इस्त्रीवाला, आगाशीच्या वाडीतून सुकेळी विकायला येणाऱ्या बाई, त्यांना मी आजचे दर आणि तारीख घालायला लावली आहे. इस्त्रीवाल्याने कुरकुर केली, म्हणाला दर छापला तर वाढवता येणार नाही. त्याला म्हटलं, तारीख छापतोय ना, मग वाढव. सुकेळीवाल्या बाईंनी मात्र दर सांगितला आणि वर बजावलं, “राजेळी केळ्याची आहेत असं लिवा, नायतर लोक कसलीबी सुकेळी समजतील.” पक्की जाहिरातवाली बाई!

उरलेल्या अर्ध्या पानावर आईच्या साबणाची गोष्ट यावी असं समितीचं म्हणणं पडलं. मी परवा ताईला पुन्हा फोन केला आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं. शेवटी तिने मलाच विचारलं, “तो दोरा कुठला असायचा, आठवतं का तुला?” मला आठवेना. ती म्हणाली, “फुलपुडीचा रे. रोज सकाळी फुलवाला पुडी टाकून जायचा, तिचा दोरा आई सोडवून खुंटीला गुंडाळून ठेवायची. आठ-दहा दिवसांचे दोरे पिळले की साबण कापण्यापुरता होई.”

मी फार प्रयत्न केला, पण खुंटीवरचा तो दोरा मला अजून दिसत नाही. तेव्हा त्या मजकुराखाली माझं नाव घालू नका. ‘ताईच्या सांगण्यावरून’ असं छापा.